माजी नेत्यांची सहीची पत्रं: लिहून मागवावीत की विकत घ्यावीत?

नेते हयात असतील तर लिहून मागवणं बरं. पत्र हाताने, एका पानात. नुसती ‘सही पाठवा’ अशी मागणी नको, त्यांच्या कारकिर्दीतला एखादा नेमका प्रश्न विचारा. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा आणि घडी पडू नये म्हणून पुठ्ठा. खर्च टपालाचाच. खोट एकच: उत्तर महिनोन्‌महिने येत नाही, आणि आलंच तर सही स्वीय सहायकाची किंवा रबरी शिक्क्याची असू शकते. भिंगातून पाहा. बॉलपेनचा दाब कागदामागे बोटाला लागतो, शिक्क्याचा लागत नाही.

यशवंतराव चव्हाण १९८४ साली गेले. त्यांचं पत्र विकतच घ्यावं लागणार. इथे खरा घोळ तारखांचा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला, म्हणजे १९६५ च्या लेटरहेडवर छापील पिनकोड दिसला की हात आखडता घ्या. पदही ताडून बघा: सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे २००३-०४ मध्ये मुख्यमंत्री होते, मग २००६ च्या पत्रावर तेच पद कसं? आधीचा मालक कोण, हे विक्रेता सांगत नसेल तर भाव कितीही कमी असो, सोडून द्या.

जपणूक दोन्हींची सारखीच. लॅमिनेशन, सेलोटेप वर्ज्य. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर कागद पिवळा पडून तुकडे होतात. आम्लविरहित कागदात, आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवा.