गुन्हा आणि शिक्षेवरचा ऑडिओ कोर्स, जमलं तर तिसरा भाग आधी ऐका

दहाही भाग ऐकून झाले म्हणून लिहितोय. आधी माझं सांगतो, मी 'भर चौकात फाशी द्या, मग बघू कोण गुन्हा करतंय' म्हणणाऱ्यांतला होतो आणि मनापासून म्हणायचो, कारण आमच्याकडे घरफोडी झालेली, आईचे सगळे दागिने गेले आणि चोर शेवटपर्यंत सापडला नाही.

तिसरा भाग जबरदस्त आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला २०० हून जास्त गुन्ह्यांना फाशी होती, १८०८ पर्यंत तर शिलिंगभराच्या (शिलिंग म्हणजे तिथलं जुनं नाणं) वरचा खिसा मारला तरी फाशी. आणि ती बघायला जमलेल्या गर्दीतच पाकीटमार हात साफ करून घ्यायचे, म्हणजे सगळ्यांच्या माना वर, समोर माणूस लटकतोय आणि ह्याची बोटं शेजारच्याच्या खिशात! आपण सापडू असं त्याला वाटतच नसणार ना. दुसरं म्हणजे घरातून ४० शिलिंगांचा माल चोरला की फाशी, म्हणून ज्युरी मुद्दाम ३९ शिलिंगच किंमत लावायची. शिक्षा इतकी भयंकर की द्यायलाच कोणी धजेना.

मग दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या ताब्यात असलेलं डेन्मार्क. सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मनांनी तिथले पोलीसच अटक करून टाकले. सापडलेल्यांच्या शिक्षा उलट वाढवल्या होत्या, तरी कोपनहेगनमध्ये लुटीचे प्रकार महिन्याला १० च्या आसपास होते ते १०० च्या वर गेले. पण अफरातफर, फसवणूक फारशी वाढली नाही, कारण तिथे गुन्हा उघडकीला आला की केला कोणी हेही बहुतेक वेळा कळतंच. इथे मी ऑडिओ थांबवला आणि जरा वेळ नुसता बसून राहिलो. आमच्या चोराला पाच वर्षं लागली असती का पंधरा, त्याला काय फरक पडत होता, त्याच्या मागावर कोणी गेलंच नाही, एकदा येऊन कागद भरले आणि विषय संपला.

आवाज स्पष्ट आहे, स्पीड थोडा वाढवून ऐका.

एक स्टार कापला तो फाशीच्या भागासाठी. कॅनडाने १९७६ ला फाशी रद्द केली आणि त्यानंतर खुनांचं प्रमाण वाढायच्या ऐवजी कमीच होत गेलं, पण ते फाशी रद्द केल्यामुळे झालं असं सरळ म्हणता येतं का, हे नीट उलगडायला हवं होतं, पाच मिनिटांत गुंडाळलंय. आणि तपास अर्धवट का सुटतात यावर एकही भाग नाही, तो आला तर मी पहिल्याच दिवशी ऐकणार.