अठरा हजारांचा पगार आणि दोनदा कापलेला पीएफ

चाकण एमआयडीसीत कंत्राटी कामगाराची भरती होताना ठेकेदाराचा माणूस जो आकडा तोंडी सांगतो, त्यात ठेकेदाराचा स्वतःचा खर्चही धरलेला असू शकतो. मला दरमहा 18,000 रुपये आणि ‘दोन वर्षांत पर्मनंट’ असे सांगण्यात आले होते. पगारपावतीवर मूळ पगार व विशेष भत्ता मिळून 12,000 रुपये होते. त्यातून पीएफचे 12 टक्के, म्हणजे 1,440 रुपये, कापले होते आणि ते रीतसरच होते. परंतु खालच्या ओळीत ‘कंपनी हिस्सा’ म्हणून आणखी 1,440 रुपये कापलेले होते. मालकाचा हिस्सा कामगाराच्या वेतनातून कापण्यास कायद्याने मनाई आहे. पीएफच्या पासबुकात मात्र कामगाराचा आणि कंपनीचा असे दोन्ही रकाने व्यवस्थित भरलेले दिसतात, त्यामुळे पासबुक पाहून समाधान न मानता ते पावतीशी ताडून पाहावे. दिवाळीचा बोनसही दरमहा थोडाथोडा पगारात मिळवून अठरा हजारांचा आकडा फुगवलेला होता आणि दिवाळीला हाती काहीच आले नाही.

कायम कामगारांचा पगार युनियन आणि व्यवस्थापन यांच्यातील वेतनकराराने ठरतो. हा करार साधारणपणे तीन-चार वर्षांनी नव्याने होतो. कंत्राटी कामगाराचा पगार बहुधा शासनाच्या किमान वेतनाला चिकटलेला असतो. त्यात अकुशल, अर्धकुशल आणि कुशल असे वेगवेगळे दर असतात आणि खरी मेख तिथेच आहे. माझ्या आधीच्या शिफ्टचा पर्मनंट कामगार ज्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनवर जे जॉब, म्हणजे सुटे भाग, काढत असे, तेच जॉब त्याच मशीनवर मी काढत होतो. पावतीवर मात्र माझा हुद्दा ‘मदतनीस, अकुशल’ असा होता. त्या वेळी लागू असलेल्या कंत्राटी कामगारांविषयीच्या 1971 च्या नियमांनुसार, मूळ कंपनीच्या कामगारासारखेच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला त्याच दराने वेतन देणे ही ठेकेदाराच्या परवान्याची अट होती आणि काम सारखे आहे की नाही, हा वाद कामगार आयुक्तांकडे नेता येत असे. काही जण यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 मधील ‘समान कामाला समान वेतन’ या निकालाचा हवाला देतात. तो निकाल सरकारी सेवेतील तात्पुरत्या कर्मचाऱ्यांविषयीचा होता, तेव्हा खासगी कारखान्यात त्यावरच विसंबू नये.

पर्मनंट करण्याचे आश्वासन तर पाळायचेच नव्हते. वर्षात 240 दिवस भरून सलग सेवेचा हक्क लागू नये म्हणून ते भरत आले की ‘ब्रेक’ देऊन कामावरून थांबवले जाई आणि नंतर त्याच गेटमधून, त्याच मशीनवर, पण दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने पुन्हा हजेरी लागे. नव्या गेटपासआधी ‘माझे सर्व येणे मिळाले’ असे छापलेल्या, रकमेची जागा कोरी ठेवलेल्या व्हाउचरवर सही घेतली जात असे. अशा कागदावर रक्कम लिहिल्याशिवाय आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढल्याशिवाय सही करू नये. पुढे मी तक्रार केली, तेव्हा सुनावणीत ठेकेदाराने सर्वांत आधी तेच व्हाउचर पुढे केले होते.