दोन तारे: एक फोटोला, एक वेळेवर उत्तर दिल्याबद्दल

आमचं पुस्तकबांधणीचं काम आहे. गेले काही महिने ऑर्डरी उशिरा जाताहेत. फर्मे, म्हणजे छापून दुमडलेल्या पानांचे संच, जुळून, शिलाई होऊन पडलेले असतात आणि कव्हरं लॅमिनेशनहून आलेलीच नसतात. बाहेरच्या कुणीतरी एकदा नजर टाकावी म्हणून लिंक्डइनवर सल्लागार शोधला. हे त्याच्या प्रोफाइलचं परीक्षण. सेवेचंही केलं असतं, पण ती नक्की कोणती हे अजून कळलेलं नाही.

नावाखालच्या ओळीला तिथे २२० अक्षरांची मर्यादा असते. या गृहस्थांनी एकही वाया घालवलेलं नाही. 'स्ट्रॅटेजिक ट्रान्सफॉर्मेशन कॅटॅलिस्ट | ग्रोथ आर्किटेक्ट | थॉट लीडर | एनेबलर ऑफ एनेबलर्स', आणि पुढे आणखी तीन पदं. सक्षम करणाऱ्यांना सक्षम करणारा! मग मूळ काम करतं कोण?

'अबाउट'मध्ये २६०० अक्षरं मावतात, म्हणजे छापील जेमतेम दीड पान. मला ते वाचायला अर्धा तास लागला. प्रूफ वाचताना एखादं वाक्य कळेना की मी ते साध्या मराठीत करून बघते, ती सवय इथे नडली. 'आय अनलॉक सिनर्जीज अ‍ॅट द इंटरसेक्शन ऑफ पीपल अँड पॉसिबिलिटी.' याचं मराठी झालं: माणसं आणि शक्यता यांच्या चौकात उभा राहून मी एकजुटीची कुलपं उघडतो. चौकात उभं राहून कुलपं उघडणाऱ्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे.

'फ्रीलान्स' मात्र कुठेच नाही. खरं तर शब्द किती रुबाबदार! एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता भाडोत्री भालाईत, ज्याचा भाला कुणा एका धन्याला बांधलेला नाही. मी असते तर मिरवला असता. यांनी 'संस्थापक आणि सीईओ' लिहिलंय. कंपनीच्या पानावर सदस्य एक. तेच.

शिफारसी दोन. त्यांतली एक दुसऱ्या एका 'कॅटॅलिस्ट'ची, आणि त्याच तारखेला यांनी त्याला दिलेलीही सापडली. कौशल्यांना मिळालेल्या पसंत्या मी मोजल्या नाहीत. एका क्लिकचं काम असतं ते.

तरी फोन केला. फोटो चांगला होता, माणूस हसरा वाटला, आणि निरोपाला तासाभरात उत्तर आलं होतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, तुमचा 'व्हाय' काय आहे?" म्हटलं, कव्हरं उशिरा येतात. ते म्हणाले, हे लक्षण झालं, आपण इकोसिस्टिमकडे बघू या. वीस मिनिटं बघितलं. त्यात लॅमिनेशनवाल्याचा उल्लेख फक्त मी केला, दोनदा.

आमच्या कटिंग मशीनवरच्या काकांनी तो फोन बाजूला बसून ऐकला होता. ठेवल्यावर म्हणाले, "ताई, कव्हरं आधी छापून पाठवू या की. आतली पानं मागनं." गेल्या दोन ऑर्डरी वेळेवर गेल्या.

काल त्या सल्लागारांचा निरोप आला. माझं प्रोफाइल त्यांनी पाहिलं, त्यात 'स्टोरी' नाही म्हणे. माझ्या नावाखाली 'पुस्तकबांधणी करते' एवढंच आहे. त्याऐवजी त्यांनी सुचवलंय: 'ट्रान्सफॉर्मिंग पेपर इन्टू पॉसिबिलिटी'. काकांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे रद्दीचं काम का?"