टायरचे वय : अकरा महिने आणि तेरा हजार किलोमीटरनंतरचा अनुभव

माझी गाडी २०१८ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. कामानिमित्त कोल्हापूर ते रत्नागिरी असा आंबा घाटातून महिन्यातून दोन-तीनदा प्रवास होतो, उरलेला वापर शहरातला. मे २०२५ मध्ये, ४६,००० किलोमीटर झाल्यावर, मी चारही टायर बदलले. मूळ मापातच, म्हणजे १८५/६५ आर१५ ८८एच, नवे टायर घेतले. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते कोणत्याही कंपनीच्या टायरला लागू पडते.

जुने टायर गोटा झालेले नव्हते आणि माझी फसगत नेमकी तिथेच झाली. खाचांच्या तळाशी झिजेची मर्यादा दाखवणारे जे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटर नक्षी उरली की पृष्ठभागाच्या बरोबरीला येतात. माझ्या टायरवर ते अजून बरेच खाली होते, कारण पुढे तीन आणि मागे चार मिलिमीटर नक्षी शिल्लक होती. तरीही २०२४ च्या पावसाळ्यात घाट उतरताना एका वळणावर साध्या वेगात ब्रेक दाबला, तर एबीएसने, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेने, पायाखाली धडधड केली आणि गाडी अपेक्षेपेक्षा बरीच पुढे जाऊन थांबली. मी तो दोष रस्त्यावरच्या शेवाळाला दिला आणि आणखी दहा महिने त्याच टायरांवर काढले. हा निष्काळजीपणा सर्वस्वी माझा होता.

उत्तर टायरच्या बाजूवरच छापलेले होते. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. माझ्या टायरवर १२१८ होते, म्हणजे ते मार्च २०१८ मध्ये तयार झालेले होते. हा पूर्ण क्रमांक पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतो आणि ती बाजू आत गेलेली असेल, तर गाडीखाली वाकून बॅटरीच्या उजेडात तो वाचावा लागतो. सात वर्षे ऊन, उष्णता आणि हवा खाल्लेले रबर कडक होते आणि नक्षी शिल्लक असली तरी ओल्या डांबराला पूर्वीसारखे धरत नाही. खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगाही पडलेल्या होत्या. त्या मी पूर्वी पाहिल्या होत्या, पण त्यांचा अर्थ लावला नव्हता.

दुकानात दोन प्रसंग घडले. पहिला म्हणजे, आणलेल्या चार टायरांपैकी दोनांवर ११२५ आणि दोनांवर ३९२२ होते. सप्टेंबर २०२२ चा माल नव्याच्या भावात घेण्यास मी नकार दिला. दुकानदार थोडे नाराज झाले, पण दुसऱ्या दिवशी चारही टायर २०२५ चे मिळाले. दुसरा म्हणजे, “स्टेपनी नवी कोरी आहे, ती वापरात घ्या, तीनच टायर लागतील,” असा सल्ला मिळाला. स्टेपनी खरोखरच जमिनीला लागलेली नव्हती, परंतु तिच्यावरही १२१८ हेच आकडे होते.

प्रत्येक टायर ५,८०० रुपयांना पडला. नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट यांचा खर्च वेगळा. नायट्रोजनसाठीचे जादा पैसे मी दिले नाहीत, कारण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजन असतोच. हवा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे ३३ पीएसआय ठेवतो आणि टायर थंड असतानाच मोजतो. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा असतो, रोजच्या वापराचा नव्हे.

नव्या रबराचा वरचा थर गुळगुळीत असल्याने पहिले दोन-तीनशे किलोमीटर मी गाडी जपून चालवली. ८५ च्या वेगाला स्टीअरिंग थरथरत होते. पुन्हा बॅलन्सिंग केल्यावर ते थांबले. सरासरी मात्र लिटरमागे १९.५ वरून १८.८ किलोमीटरवर आली. खोल नक्षीचा टायर फिरवायला थोडी अधिक ताकद लागते, त्यामुळे याची मला तक्रार नाही. जुलैमध्ये त्याच वळणावर, तशाच पावसात ब्रेक दाबला, तेव्हा गाडी सरळ रेषेत आणि एबीएसची धडधड न होता थांबली. टायरांचा आवाजही बराच कमी झाला आहे, हा लाभ मी धरलेला नव्हता.

खटकलेली एकच गोष्ट आहे. ऑक्टोबरमध्ये मलकापूरच्या अलीकडे, चौपदरीकरणाच्या वळणरस्त्यावरील खड्ड्यात पुढचे डावे चाक आदळले आणि दोन दिवसांनी टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला. फुगा येणे म्हणजे आतले धागे तुटणे. त्यावर पंक्चरवाल्याकडे उपाय नसतो आणि तसा टायर वापरणे धोक्याचे असते. आघाताचे नुकसान हमीत बसत नाही, असे सांगून भरपाई नाकारण्यात आली. नियम तसाच आहे, हे मान्य असले तरी पाच महिन्यांच्या टायरबद्दल वाईट वाटलेच. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच की २२ सप्टेंबरपासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलेला असल्याने तोच टायर ५,३५० रुपयांना मिळाला.

तो पुढे बसवावा, असा दुकानातला आग्रह होता, कारण गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाते. मी तो मागे बसवून घेतला आणि उरलेल्या तिनांपैकी सर्वांत कमी झिजलेला त्याच्या जोडीला दिला. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर वेग कमी केल्यावर गाडी बहुधा सावरते. मागची सुटली तर ती गरकन फिरते आणि सामान्य चालकाला सावरण्याची संधी मिळत नाही.

आज, एप्रिल २०२६ मध्ये, अडीचशे रुपयांच्या मापकाने मोजले असता मूळच्या तीन टायरांवर ६.२ ते ६.७ मिलिमीटर नक्षी आहे. नवे असताना ती ७.८ होती. स्टेपनी अजूनही २०१८ चीच आहे. फुगा आला त्या दिवशी तिच्यावरच साठच्या वेगाने कोल्हापूर गाठले होते. येत्या मे महिन्यात, पावसाच्या आधी, तीही बदलणार आहे.