राखीव रान की राखलेला बांध?

अन्न पिकवायचं आणि निसर्गही टिकवायचा, तर दोन वाटा सांगितल्या जातात. पहिली: थोड्या जमिनीतून भरपूर पीक काढा, उरलेली रानाला सोडा. हरित क्रांतीचे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग (1970चं शांततेचं नोबेल) याच मताचे. दुसरी: उतारा थोडा कमी चालेल, पण शेतातच पाखरांना, किड्यांना जागा ठेवा.

हिशेबात पहिली वाट सरस वाटते, कारण कित्येक प्रजातींना जराशीही नांगरट सोसत नाही. गोम एकच: उत्पन्न वाढलं म्हणून कुणी जमीन सोडून देत नाही. पीक परवडायला लागलं की शेजारचा माळही मोडला जातो. ब्राझीलच्या सेराडो या विरळ झाडीच्या माळरानात सोयाबीनचं तेच झालं.

सोलापूरजवळच्या नान्नजला दोन्ही वाटा एकत्र दिसतात. 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, पण हा पक्षी कुंपण थोडंच पाळतो? अंडं उघड्या माळावर, तेही बहुधा एकच. चरायला मात्र आसपासची जिरायती शेतं. मालदांडी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, बांधावर बोरी-बाभळी उभ्या असतात, नाकतोडे मुबलक. पाणी आलं, ऊस आला, की हे सगळं गेलं. दोन पुरुष उंचीच्या फडात माळढोक काय करणार?

म्हणून माझं झुकतं माप इथे दुसऱ्या वाटेला. ॲमेझॉनच्या जंगलात विचाराल तर पहिलीच. फक्त ज्वारीवाल्याला उसाइतके पैसे कोण देणार, ते आधी सांगा.