रोपवाटिकेतील ‘सेंद्रिय बाग संच’: खत उत्तम, बियाणे निराशाजनक

नाशिकमध्ये इंदिरानगरातील आमच्या गच्चीवर भाजीपाला लावण्याचे यंदा जूनमध्ये ठरले, तेव्हा माती, खत आणि बियाणे यांची वेगवेगळी जमवाजमव टाळावी म्हणून शहरालगतच्या एका रोपवाटिकेतून १,५०० रुपयांचा ‘सेंद्रिय बाग संच’ घेतला. त्यात १२ इंची सहा ग्रो बॅगा, १० किलो गांडूळखत, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुश्याची) ५ किलोची वीट, निंबोळी पेंड, कडुनिंबाच्या तेलाची बाटली आणि बियांची पाच पाकिटे होती.

गांडूळखत खरोखर उत्तम निघाले. ते काळसर आणि चहापत्तीसारखे दाणेदार होते, मुठीत दाबले तरी पाणी सुटत नव्हते, आणि अर्धवट कुजलेल्या शेणखताला येणारा उग्र दर्प त्याला अजिबात नव्हता; नवशिक्याने एवढी पारख करूनच खत घ्यावे, कारण कच्चे शेणखत कुंडीत तापते आणि कोवळी मुळे जळतात. मात्र सहा बॅगांना हे खत पुरत नाही. अशी एक बॅग भरायला साधारण २० लिटर मिश्रण लागते, आणि माती, गांडूळखत व कोकोपीट समप्रमाणात घ्यायचे तर आणखी किमान १५ किलो खत विकत घ्यावे लागते. विक्रेत्याने हे आधी सांगायला हवे होते.

संचासोबत माहितीपत्रक नाही, ही दुसरी उणीव. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते भिजवून दोनदा धुवावे, हे मला तेथील ज्येष्ठ माळीकाकांनी सांगितले. आपल्याकडची काळी माती नुसतीच भरू नका, असेही ते म्हणाले होते. तरीही मी एका बॅगेत ती तशीच भरली, आणि जुलैच्या झडीत पाणी न निचरल्याने त्या बॅगेतील मेथी आठवडाभरात कुजली.

माझी खरी तक्रार बियांबद्दल आहे. भेंडीचे पाकीट फोडल्यावर गडद गुलाबी बिया हातात आल्या, आणि पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत बुरशीनाशकाची प्रक्रिया केल्याचा व बी खाण्यासाठी न वापरण्याचा इशारा छापलेला होता. शेतीत अशी बीजप्रक्रिया सर्रास होते आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. परंतु ज्या संचावर ‘सेंद्रिय’ हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला आहे, त्यात असे बी देणे ही ग्राहकाची फसवणूक आहे. परत नेल्यावर ‘कंपनीकडून असेच येते’ एवढेच उत्तर मिळाले आणि पाकीट बदलून दिले नाही. शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांच्या गावाकडचे भेंडीचे गावरान बी दिले, तेच लावले.

माळीकाकांविषयी मात्र कृतज्ञतेने लिहावेसे वाटते. चवळीवर मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) पडला तेव्हा मी एक पान तोडून त्यांना दाखवायला नेले; त्यांनी लिटरभर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचे तेल आणि साबणाच्या द्रावणाचे थोडे थेंब मिसळून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारायला सांगितले. आठवड्याच्या अंतराने तीन फवारण्या केल्यावर मावा आटोक्यात आला.

म्हणून या रोपवाटिकेत जाणाऱ्यांनी संच न घेता गांडूळखत आणि निंबोळी पेंड सुटी घ्यावी, बियाण्याचे पाकीट पैसे देण्यापूर्वी उलटून वाचावे, आणि शक्यतो सकाळी लवकर जावे. त्या वेळी गर्दी नसते आणि माळीकाका सावकाश बोलतात.