आईच्या व्हॉल्वचं ऑपरेशन चालू असताना केलेला इको: आमचा अनुभव

सर्जनबद्दल, आयसीयूबद्दल सगळेच लिहितात, मला लिहायचंय ते थिएटरमध्ये होणाऱ्या इकोबद्दल, म्हणजे टीईई, कारण आईच्या मायट्रल व्हॉल्वच्या (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या) रिपेअरमध्ये खरा आधार त्याचाच झाला.

हा इको छातीवरून नसतो. भूल दिल्यावर बोटाएवढी जाड नळी तोंडातून अन्ननलिकेत घालतात, हृदयाचा डावा वरचा कप्पा तिला अगदी खेटून असतो म्हणून व्हॉल्व स्वच्छ दिसतो आणि सर्जनच्या हाताला अडचणही होत नाही. रिपेअरच्या वेळी हृदय थांबवलेलं असतं, तेव्हा सलाईन भरून लीक बघतात, पण खरं काय ते कळतं हृदय परत धडधडायला लागल्यावरच.

आईला पंपवरून (हृदय थांबवलेलं असताना त्याचं काम करणाऱ्या मशीनवरून) काढलं आणि बीपी पडायला लागलं. असं झालं की हृदयाला जोर देणारं औषध वाढवायचं हेच कुणालाही सुचेल, पण भूलतज्ज्ञांना स्क्रीनवर दिसलं की व्हॉल्वचा पुढचा पडदा प्रत्येक ठोक्याला रक्त बाहेर जायच्या वाटेत ओढला जातोय, वाटही अडतेय आणि मागे लीकही होतंय, आणि अशात ते औषध वाढवलं असतं तर उलट अजून अडलं असतं. मग ते औषध बंद केलं, फ्लुइड दिलं, बीपी चढवायचं वेगळं औषध दिलं, थोड्या वेळात पडदा जागेवर! परत पंपवर घ्यावं लागलं नाही. नंतर सर्जननी इकोच्या आधीची आणि नंतरची अशा दोन्ही व्हिडिओ क्लिप दाखवल्या, पहिलीत लीक होणाऱ्या रक्ताच्या रंगांचा नुसता कल्लोळ, दुसरीत फक्त एक बारीक रेघ, मी ती रेघ किती वेळ बघत बसले होते.

याच इकोत हृदयात हवेचे बुडबुडे राहिलेत का, व्हॉल्वला बसवलेल्या रिंगच्या कडेनं लीक आहे का, जवळून जाणारी रक्तवाहिनी टाक्यात अडकून हृदयाची भिंत सुस्त पडलीय का, हेही बघतात.

नाराजी एकच, आधी कुणी नीट सांगितलं नाही. दोन दिवस आईचा घसा दुखत होता, आम्ही उगाच घाबरलो. आईचा एक दात हलतोय हेसुद्धा मी आपणहून सांगितलं म्हणून कळलं. गिळायला त्रास, अन्ननलिकेचा जुना आजार असलं काहीही असेल तर न विचारताच सांगा, क्वचित का होईना नळीनं इजा होऊ शकते.

कामाला पाचपैकी पाच, समजावून सांगण्याला दोन. तुमच्याकडे कुणाचं ऑपरेशन असेल तर एवढं नक्की विचारा की पंप बंद झाल्यावर इको कोण बघणार आणि छाती बंद होईपर्यंत तो माणूस तिथे असणार का.